कापलेला परिच्छेद

स्वप्नाली मोहितेने आयुष्यात पुष्कळ मजकूर कापला होता. बँकेत अहवाल तपासायचे तर दुसरं काय करणार? पण पोरीच्या भाषणातला एक परिच्छेद कापायला गेली आणि तिथे फसली.

त्याचं झालं असं. सिंगापूरच्या जुरोंग ईस्टला त्यांच्या कॉन्डोत दर शनिवारी मराठी माणसांचा कट्टा भरायचा आणि वर्षातून एकदा वक्तृत्व स्पर्धा व्हायची. यंदाचा विषय होता, ‘मला भावलेलं भाषण’. भाषण जगातलं कुठलंही चालेल, बोलायचं मात्र मराठीत. पंधरा वर्षांच्या क्षिप्राने निवडलं एका अमेरिकन रॅपरचं. गाणं नव्हे हं, भाषणच. तीस वर्षांपूर्वी आपल्या जुन्या वस्तीतल्या शाळेत, काळ्या पोराटोरांसमोर तो वीस मिनिटं बोलला होता. आमच्या गल्लीत पोलिसांची गाडी रोज येते, मग अँब्युलन्सलाच रस्ता का सापडत नाही, असं त्याने विचारलं होतं. माणूस केव्हाच गेला, पण ते भाषण अजून या फोनवरून त्या फोनवर फिरत होतं. क्षिप्राच्या वर्गात तर चिनी, मलय, तमिळ, सगळ्या मुलांना ते पाठ होतं.

पोरीचं मराठी ‘आई, भूक लागली’च्या पुढे फारसं जात नसे, म्हणून भाषांतराला आई बसली. मोठ्या उत्साहाने बसली. चौदाव्या मिनिटाला तिचा हात थांबला.

‘आमच्यातला एखादा वर गेला,’ तो म्हणत होता, ‘की आधी काय करतो? पत्ता बदलतो. मीही बदलला. रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी विचारलं, कुठला तू? मी नदीपलीकडची चांगली वस्ती सांगितली. माझी आई तिथेच बसली होती. तिने ऐकलं आणि ती काही बोलली नाही. काही म्हणजे काहीच नाही.’

स्वप्नालीने फोन पालथा ठेवला. आठ वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा कट्ट्यावर गेली, तेव्हा कट्टा चालवणाऱ्या सुलेखाताईंनी आडनाव ऐकलं, नवऱ्याचं गाव साताऱ्याकडचं हे ऐकलं आणि टाळीच वाजवली. “मोहिते! म्हणजे सरदार घराणं!” स्वप्नाली नुसती हसली. त्या हसण्यानेच घात केला. नवऱ्याच्या, मुकुलच्या घरात कसली आलीय सरदारकी! घर गावकुसाबाहेरचं, आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारलेला. पण पुढे कुणी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तर पुढच्या वर्षापासून कट्टा तिच्याच हाती द्यायचा, असं सुलेखाताईंनी जाहीर करून टाकलं होतं.

आणि नेमके वडील दोन महिन्यांसाठी आले होते. विमानतळावरून येतानाच तिने त्यांना सांगितलं, “बाबा, कट्ट्यावर नाव दीनानाथ एवढंच सांगा हं. आडनाव कशाला उगीच?” गोदीत तीस वर्षं फिटर होते ते. साहेबाचा चढा आवाज कधी ऐकून घेतला नव्हता. लेकीला मात्र “बरं” म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तर स्वप्नालीने तो परिच्छेद उडवला. तालमीत क्षिप्राने लगेच पकडलं.

“आई, मेन पार्टच कापलास! इतका वेळ तो दुसऱ्यांना बोलतोय. इथेच तर तो स्वतःवर येतो, लाह!” चिडली की तिच्या वाक्याला हे सिंगापुरी ‘लाह’ चिकटायचंच.

“वेळ जास्त होतो गं.”

“दोन मिनिट्स उरतात!”

दीनानाथ कोपऱ्यात बसले होते. ते हळूच म्हणाले, “राहू दे, बाळा. आईला कळतं त्यातलं.”

बाबा आपल्याला सावरून घेताहेत, हे तिला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. ते रागावले असते तर परवडलं असतं. तिने परिच्छेद होता तिथे परत टाकला.

पण कागदावर टाकणं वेगळं आणि चारचौघांत ऐकणं वेगळं. शनिवारी क्षिप्रा उभी राहिली आणि काय बोलली म्हणता! उच्चार सिंगापुरी, पण आवाज खणखणीत. पत्त्याची वाक्यं तर तिने एकेक शब्द तोलून म्हटली. स्वप्नालीला मान वळवून वडिलांकडे बघवेना.

परीक्षक सुलेखाताई. प्रत्येक स्पर्धकाला एक प्रश्न विचारायचा, ही कट्ट्याची रीत. “सुंदर हो! पण बाळा, हे झालं त्या लोकांचं. आपल्याला काय त्याचं? आपल्याकडे आता कुठे राहिलंय असलं काही?”

क्षिप्राने आईकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती सांगणारही होती. पोरीने उत्तर द्यायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या? छे!

“ते मला विचारा, सुलेखाताई.” स्वप्नाली उठली आणि माईकपाशी गेली. “आठ वर्षांपूर्वी तुम्ही आम्हाला सरदार केलंत आणि मी हसले. चूक माझी. आम्ही बौद्ध आहोत. हे माझे वडील, दीनानाथ कांबळे. आडनाव सांगू नका असं मीच त्यांना सांगितलं होतं. बाबा, चुकले मी.”

सुलेखाताई गडबडल्या. “अगं, पण आम्ही कुठे काय मानतो?”

“मग तर उत्तमच. पुढच्या वर्षी कट्टा मी चालवीन, आणि कांबळ्यांची मुलगी म्हणून चालवीन. जमेल?”

सुलेखाताईंनी पदर सारखा केला, दोनदा केला. “जमेल,” त्या म्हणाल्या. “न जमायला काय झालं?” पण आवाज पडलेला होता.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात मुकुलच्या शेजारी बसणारा प्रबोध निकम. आठ वर्षं प्रत्येक सहलीला मोहित्यांच्याच टेबलावर जेवणारा. उभा राहिला तो पुढची खुर्ची घट्ट धरून.

“वहिनी,” तो म्हणाला, “मीही बौद्धच. मला वाटायचं, तुम्ही सरदार घराण्यातल्या. म्हणून तुमच्यासमोर तर कधीच...” वाक्य अर्धं टाकून तो खाली बसला.

स्वप्नाली बघतच राहिली. आठ वर्षं आपण आणि हा एकाच टेबलावर बसून एकमेकांनाच घाबरत होतो!

तिला हसू आलं आणि रडूही आलं. दीनानाथ मात्र केव्हाच उठले होते. ते सरळ प्रबोधपाशी गेले, शेजारची खुर्ची ओढून बसले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “जय भीम! मी कांबळे. आता सांगा, कुठले तुम्ही?”