पायपुसण्यावर पाय ठेवायचा नाही

तेजलनं तो प्रकार पहिल्यांदा केला मंगळवारी सकाळी, स्वयंपाकघराच्या दारात. दोन्ही तळवे फरशीवर टेकवले, ढुंगण वर केलं आणि आपल्याच दोन पायांमधून उलट्या डोक्यानं आईकडे बघून खुदकन हसली. विजयश्रीची पोळी तव्यावरच राहिली आणि तिचा पार पापड झाला.

अडीच वर्षांच्या पोरीनं वाकून बघितलं तर एवढं दचकायचं काय, असं ज्याला वाटेल त्यानं आपल्या आजीला विचारावं. लेकरू असं ओणवं होऊन पायांतून बघायला लागलं, की ते पाठचं भावंड येतंय का ते बघत असतं. हे ज्ञान बायकांना शाळेत न जाता मिळतं. आणि इथे तर पाठचं खरोखरच येत होतं. तिसरा महिना सरायला दहा दिवस राहिले होते आणि ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, विजयश्रीला आणि तिच्या नवऱ्याला, सुजितला.

तिसऱ्याला कळू द्यायचं नाही, हे विजयश्रीनं शपथ घालून ठरवलं होतं. त्याला कारण होतं. गेल्या वर्षी दीड महिन्याचीच असताना तिनं हौसेनं सगळ्यांना सांगितलं आणि नवव्या आठवड्यात सगळं संपलं. ते दुःख एकवेळ गिळलं असतं. पण गावाकडे ज्या ज्या घरात पेढा पोचला होता, त्या प्रत्येक घरातून फोन आला. कुणी विचारी, तब्येत कशी आहे, कुणी विचारी, कितवा लागला. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं आणि वर तिचंच सांत्वन करायचं. महिनाभर तिनं हे केलं. आता तिला तो महिना पुन्हा नको होता. पुढच्या शुक्रवारी सोनोग्राफी होती. बाळाचे ठोके नीट ऐकू आले, की मग काय दवंडी पिटायची ती पिटा, असं ती सुजितला म्हणाली होती.

आणि या सगळ्यावर पाणी फिरवायला घरचीच पोर निघाली होती.

दवंडीची सोय तर घराखालीच होती. चाकणच्या एमआयडीसीला लागून सुमनताईंची चार मजली इमारत. शेतं कंपन्यांत गेली त्या पैशांतून बांधलेली, आणि वरपासून खालपर्यंत भाडेकरूंनी भरलेली. तळमजल्यावर मालकीणबाई स्वतः. मनाच्या चांगल्या, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. त्यांना सकाळी कळलेली गोष्ट दुसऱ्या शिफ्टची बस सुटायच्या आत बसमध्ये पोचलेली असायची.

त्यात भर म्हणजे सासू घरात होती. तेजलला सांभाळणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली, म्हणून सुजितनं आईला केजकडच्या गावाहून आणलं होतं. तिचं नाव सुभद्राबाई. विजयश्री तिला आत्या म्हणायची. आणि ह्या आत्या म्हणजे या शास्त्रातल्या अधिकारी व्यक्ती. गावात कुठलंही लेकरू पायांतून बघायला लागलं, की आया त्याला काखोटीला मारून सुभद्राबाईंच्या ओट्यावर आणायच्या. त्या लेकराला दोनदा वाकायला लावायच्या, आईच्या तोंडाकडे एकदा बघायच्या आणि निकाल द्यायच्या. निकाल कधी चुकला नाही. एकदा तर पारडू बघून त्यांनी म्हैस गाभण असल्याचं सांगितलं होतं. जनावरांचा डॉक्टर नाही म्हणत राहिला आणि म्हैस व्याली. आल्या दिवशीच त्यांनी हे सगळं सुमनताईंना म्हशीसकट सांगून टाकलं होतं.

तेव्हा मंगळवारी तेजल वाकली, तशी विजयश्रीनं आधी बाहेरच्या खोलीत डोकावून बघितलं. सुभद्राबाई भिंतीला टेकून सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी मान वर केली, नातीकडे बघितलं आणि पुन्हा सुईकडे बघायला लागल्या. म्हातारीला आता दिसत नाही, असं समजून विजयश्रीनं सुटकेचा निःश्वास टाकला.

तसंही या खेपेला सुभद्राबाईंचं काहीतरी बिनसलंच होतं. जन्मभर लसणाच्या ठेच्यावर जगलेली बाई, पण आल्यापासून चौथ्या दिवशी म्हणाली, "मला आताशा लसणाचा वास सहन होईना," आणि घरातला लसूण बंद झाला. लसणाच्या फोडणीनं हल्ली विजयश्रीलाच मळमळायचं, तिला ते बरंच पडलं. सुजितनं आणलेली पपई त्यांनी समोरच्या घरी देऊन टाकली. पाण्याची बादली सुनेला उचलू देईनात. आणि त्यांचं ते पायपुसणं. जुन्या मऊसूत पातळाचे तुकडे जोडून त्या दिवसभर पायपुसणं शिवत बसायच्या आणि त्यावर कुणाला पाय ठेवू द्यायच्या नाहीत. सुजितचा एकदा चुकून पडला, तर त्याच्या पोटरीवर सुईच टोचली.

"पायपुसण्यावर पाय ठेवायचा नाही, हे मी पहिल्यांदा ऐकतेय," विजयश्री नवऱ्याला म्हणाली. "तुझ्या आईला वयानं चिकित्सक केलंय."

"राहू दे गं. तू पोरीचं बघ."

पोरीचं बघायचे उपाय दोघांनी मिळून सुरू केले. सुजितनं तिला जाड जीन्सची पँट घातली, म्हणजे वाकताच येणार नाही. ती वाकली, कलंडली, लोळली आणि पुन्हा वाकली. मग त्यानं शक्कल काढली, की कुणी बघितलंच तर म्हणायचं, पोर योगासनं शिकतेय. पुरावा हवा म्हणून तो स्वतः तिच्या शेजारी वाकला आणि त्याच्या कमरेत उसण भरली. दोन दिवस तो कंपनीत पट्टा बांधून गेला. तेजलला मात्र आई-बाबांचे धास्तावलेले चेहरे फार आवडले. पूर्वी ती दिवसातून दोनदा वाकायची, आता दहादा वाकू लागली.

रविवारी सुमनताईंच्या नातवाचं, स्वराजचं बोरन्हाण होतं. अख्ख्या इमारतीला बोलावणं होतं. न जावं तर सुमनताई स्वतः वर यायच्या, आणि वर येणं जास्त धोक्याचं. विजयश्रीनं तेजलला घेरदार परकर घातला. एवढ्या कापडातून कुणाला काय दिसणार, असा तिचा हिशेब होता.

गच्चीवर सतरंजी घातली होती. हलव्याचे दागिने घालून स्वराज मधे बसला होता आणि दागिनेच चाटत होता. बायकांनी त्याच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतल्या आणि लुटायला सगळी पोरं एकदम तुटून पडली. वीस पोरं एकाच वेळी वाकलेली. विजयश्रीला बरं वाटलं, या गर्दीत आपली कोण ओळखणार.

पण तेजल गोळ्या वेचायला वाकलीच नव्हती. तिनं सतरंजीच्या मधोमध जागा धरली, परकर डोक्यावर घेतला, दोन पायांतून आईला शोधून काढलं आणि मोठ्यानं हाक मारली, "आई, भॉक."

सगळ्या बायकांच्या माना तिकडे वळल्या.

"आगं बया," सुमनताई म्हणाल्या. "ही तर पाठचं बगती. काय गं विजयश्री, हाय का काय?"

विजयश्रीला फक्त नाही म्हणायचं होतं. पण पोटातल्या जिवाला नाही म्हणायचं तिच्यानं होईना. पंधरा-वीस जणी तिच्याकडे बघत होत्या आणि तिला गेल्या वर्षीचे फोन ऐकू येऊ लागले.

"ती काय सांगायची? हितं जाणती माणसं बसल्यात की," सुमनताईंनी मोर्चा वळवला. "सुभद्राबाई, तुमी बोला. तुमचं बोलणं खोटं व्हत न्हाई ना?"

सुभद्राबाई बोर खात होत्या. त्यांनी ते सावकाश संपवलं, बी तळहातावर काढली, नातीकडे बघितलं. आता त्या सुनेच्या तोंडाकडे बघणार, म्हणून विजयश्रीनं डोळे मिटून घेतले.

"जंत झालेत," सुभद्राबाई म्हणाल्या.

"जंत?"

"जंत झाले की लेकरं असंच बूड वर करून हिंडतेत. दात पण खाती झोपंत."

"आन् ते पाठचं भावंड?"

"ते काई खरं नसतंय, ताई. अडाण्याचं काम हाय सगळं."

"आवं, आन् तुमची म्हस?"

सुभद्राबाईंनी तळहातावरची बी या हातातून त्या हातात केली. म्हैस सोडून देणं त्यांना जड जात होतं, हे कुणालाही दिसलं असतं.

"म्हैस गाभण हाय ते मला आधीच ठावं होतं," त्या म्हणाल्या. "मीच तिला रेड्याकडं नेलं होतं."

गच्ची हसून हसून लोटपोट झाली. "म्हंजी इतकी वर्सं लोकांना फसीवलंत की," सुमनताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. सुभद्राबाईंनी मान डोलावली आणि दुसरं बोर उचललं. चाळीस वर्षांची अब्रू त्यांनी एका बोराच्या बीबरोबर टाकून दिली. सुमनताईंनी खाली जाऊन लगेच वावडिंगाची पुडी आणली, आणि न झालेल्या जंतांसाठी तेजलला तिथल्या तिथे चमचाभर काढा पाजला गेला. तिनं आजीकडे जे बघितलं, ते पायांतून नव्हतं.

परत निघताना जिन्यात सुभद्राबाईंनी सुनेच्या हातातलं वाणाचं ताट काढून घेतलं. "हळू उतर," त्या पुढे बघूनच म्हणाल्या. "पायऱ्या ओल्या हायत."

पायऱ्या ठणठणीत कोरड्या होत्या. विजयश्री तिथेच कठडा धरून उभी राहिली. लसूण, पपई, बादली, सगळं तिला एकदम कळलं, आणि ज्या बाईला ती चार दिवस चिकित्सक म्हणत होती, तिच्या पाठमोऱ्या अंबाड्याकडे बघताना तिला रडू फुटलं. पण शुक्रवार यायचा होता. तिनं डोळे पुसले आणि सांगितल्याप्रमाणे हळू उतरली.

संध्याकाळी चहाला तेजलनं जाहीर केलं, "माज्या पोटात जंत आहे." मग आईच्या पोटावर बोट ठेवून विचारलं, "तुज्या पोटात पण जंत?" सुजितला असा ठसका लागला, की चहा नाकातून आला आणि उसण पुन्हा भरली. सुभद्राबाईंनी सुईवरून नजर वर केली नाही.

शुक्रवारी ठोके ऐकू आले. घोडा दौडावा तसे भरभर आणि खणखणीत. सुजित तिथूनच दुसऱ्या शिफ्टला गेला आणि विजयश्री एकटी घरी आली. चप्पल काढून ती सासूच्या समोर जमिनीवर बसली.

"आत्या, एक सांगायचंय. मला तीन महिने झाले. आज ठोके ऐकले. सगळं चांगलं आहे."

"व्हय का?" सुभद्राबाई म्हणाल्या. "मला काईच ठावं नव्हतं बघ." एवढं वाईट नाटक आजवर कुणी केलं नसेल. त्यांचा चेहरा कोरडा राहीना, मग त्यांनी तो पदरात घातला. पदरातूनच म्हणाल्या, "मागच्या टायमाला पेढे मी वाटले, माय. चाळीस घरं. फोन तुला आले. तवाच म्हणलं, आता तू सांगशील तवाच मला कळंल."

विजयश्रीनं त्यांच्या मांडीवर डोकं टेकवलं. गालाखाली ते पायपुसणं आलं. वर्षानुवर्षांच्या धुण्यांनी लोण्यासारखं झालेलं पातळ, चारी कोपऱ्यांना त्रिकोणी तुकडे आणि मधे बोटभर अंतरावर बारीक टाके. तिनं ते उलगडलं. चांगलं दोन हात रुंद, दोन हात लांब. असलं पायपुसणं कुणाच्या दारात बसणार नव्हतं.

"आत्या, हे दुपटं आहे."

"पायपुसणं हाय," सुभद्राबाईंनी ते ओढून घेतलं. "जन्माच्या आधी लेकराचं शिवायचं नसतंय. लेकरू मांडीवर येईस्तोर हे पायपुसणंच म्हणायचं. आन् सुमनताईला तू तुझ्या तोंडानं सांग, पर मी सांगितलं म्हणू नको. मी अडाणी."

दुसऱ्या दिवशी सुजितला सुट्टी होती. बाजारातून चिखलानं भरलेले पाय घेऊन तो दारात आला, तर दारात तेजल दोन्ही हात पसरून उभी. मागे सुभद्राबाईंचं शिवण जमिनीवर पसरलेलं.

"पायपुसण्यावल पाय नाही थेवायचा," तेजलनं बजावलं.

"अगं पण मग ते शिवलंय कशाला?" सुजित वैतागला. "माय, या घरात त्यावर पाय ठेवायची परवानगी कुणाला आहे तरी का?"

सुभद्राबाईंनी दाताने दोरा तोडला.

"ते यायचंय अजून," त्या म्हणाल्या. "तू बाहेर नळावर पाय धू, जा."