अंड्याचं टरफल

चाळीस वर्षं मी करवत चालवली. आता गुडघे गेले, म्हणून पुतणी सिग्नेच्या हाताखाली पक्षी मोजतो. गावात टिंगल होते, "काय अर्विड, वाघ गवत खायला लागला की रे!"

मोजायचं म्हणजे भल्या पहाटे लाकूडगाड्यांच्या रस्त्यावर उताणं पडून आभाळ बघायचं. मरलेट हा समुद्रपक्षी, पण अंडं घालतो जुन्या फरच्या झाडाच्या फांदीवरल्या शेवाळात. तेही एकच. तो राईत नांदतोय असा पुरावा दोन उन्हाळ्यांत मिळाला, तर कायद्यानं तिथं करवत लागत नाही. नाही मिळाला, तर लिलाव. सिग्ने या राईत खेळून मोठी झालेली. आज शेवटची मोजणी होती आणि धुक्यात हातभर पुढचं दिसेना.

"संपलं, काका," ती उठून बसली. रडायच्या बेतात होती.

मी डबा उघडला आणि पावाच्या कडा तोडून भिरकावल्या. निळे तुरेवाले पक्षी झुंडीनं उतरले. आम्ही लाकूडतोडे त्यांना चोरटे म्हणतो आणि घासही देतो, ती आमची जुनी रीत.

"काका! इथं खरकटं टाकायचं नाही, किती वेळा सांगू? हे चोरटे जमतात आणि घरट्यांतली अंडी फोडतात."

"अगं, अख्खी जंगलं पाडली मी. दोन कडांनी काय आभाळ कोसळतंय? आठवडाभर टाकतोय."

कडा संपल्या तसे चोरटे वर गेले. एकदम कालवा झाला. धुक्यातून एक तपकिरी पक्षी बाणासारखा सुटला आणि माझ्या बुटापाशी काहीतरी टपकन पडलं. हिरवट, ठिपक्याठिपक्यांचं टरफल. आतला बलक अजून ओला होता.

"मरलेटचं! काका, पुरावा! राई वाचली!" सिग्नेनं मला मिठी मारली. मग तिची नजर माझ्या डब्यावर गेली आणि तिचे हात गळून पडले.

"माझ्यामुळे गेलं, हे सांगायचं ना?" मी विचारलं.

"अर्जात तसा रकाना नाही, काका."

दुपारी वनखात्याचे क्रँडलसाहेब आले. टरफल पिशवीत घालून त्यांनी माझा हात दाबला. "अभिनंदन! या वयात काय नजर आहे हो तुमची!" लिलावाच्या फिती झाडांवरून निघाल्या. मला कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या पहाटे मी एकटाच गेलो. आभाळ स्वच्छ होतं. समुद्राकडून एक मरलेट आला, आवाज न करता, टरफल पडलं त्या जागेवरच्याच फांदीवर उतरला. नरमादी एकेक दिवस अंडं उबवतात, आज याची पाळी असावी. दुर्बिणीतून मला सगळं दिसत होतं. त्यानं चोचीनं शेवाळ चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि पंख सावरून त्या रिकाम्या खळग्यावर तो बसला.