वाढीव वॉरंटी आणि आमचे हे

आमचे हे लिफ्टच्या देखभालीचे करार विकतात. खरं सांगायचं तर भीतीच विकतात. धडधाकट लिफ्टबद्दल असं काही बोलतात की गिऱ्हाईक सही करायला जिन्याने धावत खाली येतं. त्यामुळे नवी गाडी ताब्यात घ्यायला शोरूममध्ये शिरतानाच त्यांनी मला बजावलं, "वाढीव वॉरंटी गळ्यात मारायला बघतील. तू गप्प राहा. या धंद्यात केस पांढरे केलेत मी."

गप्प राहण्यात माझा हात कुणी धरणार नाही. शिवाय माझं लक्ष गाडीकडे होतं. पन्नाशी गाठल्यावर मी गाडी शिकले, लायसन्स काढलं, ते एकाच हट्टापायी: आईकडे जायला कुणाची मनधरणी करायची नाही. ह्यांना गाडी येत नाही. एकदा शिकायला गेले होते, पण शिकवणाऱ्यालाच शिकवून परत आले.

विक्रीवाली मुलगी नवखी होती. कंपनीची वॉरंटी संपल्यावर काय काय बिघडू शकतं ते तिने पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. गिअरबॉक्स, सेन्सर, एसी.

"नको," हे म्हणाले.

तिथेच उठायला हवं होतं. पण पोरीचं विकणं इतकं पुचाट होतं, की ह्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"अगं, अशी यादी वाचून कोण घेईल? प्रसंग उभा कर. आवाज खाली आण. हे बघ." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "संध्याकाळ. आडरस्ता. गाडी बंद. फोनला रेंज नाही. आणि आत... ही एकटी."

मुलीने हातातली यादी छातीशी धरली. ह्यांनी माझा हात धरला. मला मात्र, खोटं कशाला बोलू, ते 'एकटी' ऐकून फार बरं वाटलं.

"पुढे काय म्हणायचं, सर?"

"काही नाही. कागद आण." कपाळाचा घाम पुसत ह्यांनी वाढीव वॉरंटीवर सही ठोकली. मग माझ्याकडे वळले. "मी काय म्हणतो, तू नकोच चालवूस. ड्रायव्हर ठेवू. आईंकडे जाऊ की दोघं, माझ्या सवडीने."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं त्यांच्या सवडीनेच तर जात होते!

मुलगी किल्ली घेऊन आली तसा ह्यांनी हात पुढे केला. मी लायसन्स पुढे केलं. पोरगी शहाणी निघाली. किल्ली माझ्या हातावर आली. मी गाडीत बसले आणि दार आतून लावून घेतलं.

"अगं, थांब! रस्त्यात बंद पडली तर?" हे काचेवर टकटक करत होते.

मी काच बोटभर खाली केली. "तर वॉरंटी आहे. तुम्हीच तर ती स्वतःला विकलीत."

फाटकातल्या चढावर गाडी बंद पडलीच. चूक माझी होती, क्लच लवकर सोडला. मागे न बघता पुन्हा चालू केली आणि आईकडे गेले.