पद्माकररावांची बूटखरेदी

डॉक्टर नरसिंहांनी सांगितलं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. रोज सकाळी अर्धा तास झपाझप चाला, जमेल तसं थोडं थोडं पळा, आणि तीन महिन्यांनी येऊन भेटा. यात न कळण्यासारखं काय होतं, हे अलकाला आजतागायत समजलेलं नाही. पण तिचे यजमान, पद्माकरराव, दवाखान्याची पायरी उतरता उतरताच म्हणाले, "अलका, पळायचं म्हणजे बूट कुठले घ्यायचे गं?"

झालं. घोडं तिथे जे अडलं ते अडलंच.

साखर त्यांना सहा वर्षांपासून आहे, आणि या घराण्यातली साखर म्हणजे थट्टा नव्हे. थोरले दीर विश्वासराव हुबळीला असतात. त्यांच्या पायाला नव्या बुटाने फोड आला, तो चिघळला, आणि शेवटी गुडघ्याखालचा पाय काढावा लागला.  नवऱ्याचे दोन्ही पाय धड राहावेत, एवढंच तेव्हापासून अलकाचं देवाकडे मागणं. त्यासाठी रस्त्यावर पळा, गच्चीवर फेऱ्या मारा, काय वाट्टेल ते करा, पण हला!

हलतील कसले? हे पडले खरेदी विभागातले. सरकारी कारखान्यात सगळी नोकरी त्यात गेली. तिथली रीतच अशी, की साधा स्क्रू घ्यायचा तरी आधी स्पेसिफिकेशन, मग तीन कोटेशनं, मग तुलनेचा तक्ता, मग कमिटी. चुकीची वस्तू घेतली तर ऑडिटवाले मानगुटीवर बसतात. मुळीच घेतली नाही तर कुणी विचारत नाही. उभ्या नोकरीत आपल्यावर एकही ऑडिटचा शेरा नाही, हे ते आल्यागेल्याला अजून सांगतात. का नाही ते अलकाला पक्कं ठाऊक होतं.

कमिटीही आयती मिळाली. त्यांच्या मल्लेश्वरमच्या घरात वरच्या मजल्यावर शुभंकर म्हणून पुण्याचा मुलगा भाड्याने राहतो, हेब्बाळच्या टेक पार्कात नोकरीला आहे. त्याची पळणाऱ्यांची टोळी रविवारी सकाळी सँकी टँकच्या तळ्यावर जमते. "काका, तुम्ही याच. सगळे एकदम एक्सपर्ट आहेत," तो म्हणाला. काका गेले. पहिल्या रविवारी अलकाही गेली, एक्सपर्ट दिसतात तरी कसे ते बघायला.

"रोजच्या पळण्याला बूट कसा असावा?" पद्माकररावांनी एवढंच विचारलं, आणि मोहोळावर दगड पडला.

"कुशन, काका. मॅक्सिमम कुशन घ्या. गुडघे वाचतात," शुभंकर म्हणाला.

"काहीतरीच काय!" मुंबईची ऋचा फिसकारली. "कुशन जेवढं जास्त तेवढा पाय आळशी. पातळ सोल घ्या काका. पायाला जमीन कळली पाहिजे."

"एका जोडीनं भागतच नाही ना काका," नागपूरचा निहार मध्ये पडला. "दोन ठेवायच्या. आज ही, उद्या ती. बुटाला आराम लागतो."

"बुटाला आराम?" अलकाने विचारलं.

"हो ना काकू. दाबलेला फोम परत फुगायला वेळ द्यावा लागतो."

अगं बाई! इतक्या वर्षांच्या संसारात अलकाला कुणी एक दिवस सुट्टी दिली नव्हती, आणि इथे पायताणांना रजा मंजूर होत होती.

मग पंजाशी रुंद हवा की निमुळता, टाच उंच हवी की सपाट, यावर जी जुंपली ती जुंपली. उचलली जीभ लावली टाळ्याला. प्रत्येकाचं मत म्हणजे त्याच्या स्वतःच्या पायातला बूट, आणि तो घालून त्याचं काय झालं होतं ते उघड्या डोळ्यांना दिसत होतं. कुशनवाल्या शुभंकरची टाच दुखत होती, जमीन कळणाऱ्या ऋचाच्या गुडघ्याला पट्टा होता, आणि निहारच्या अंगठ्याचं नख काळंठिक्कर पडलेलं, ते त्याने मेडल दाखवावं तसं दाखवलं. असे हे जाणकार. तळ्याला दोन फेऱ्या झाल्या नाहीत तोच मंडळी हॉटेलात. लोण्याचा गोळा घातलेला बेन्ने डोसा, वर केसरीभात, वर फिल्टर कॉफी. फेऱ्यांच्या वेळी पद्माकरराव बाकावर होते. डोशाला मात्र सगळ्यांच्या पुढे.

घरी आल्यावर ते मोठ्या समाधानाने म्हणाले, "बघ, किती अंगं आहेत या विषयाला! मी उगाच घाई करत होतो."

घाई म्हणे! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

त्यानंतर दुकानं सुरू झाली. पद्माकरराव बूट घालून आरशासमोर उभे राहत, दोन पावलं टाकत, टाचेखाली किती जाड आणि बोटांखाली किती जाड ते विचारत, मोबाइलवर फोटो काढत आणि निघून येत. एकदा तर एक जोड खोक्यात भरून झाली होती, अलकाने मनातल्या मनात गणपतीला नारळही बोलला होता, तेवढ्यात टोळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निहारचा निरोप आला: थांबा काका, पुढच्या महिन्यात याचंच नवं मॉडेल येतंय. काकांनी खोका परत केला.

दर रविवारी ते सँकीवर जात, मतं गोळा करत आणि डोसा खाऊन येत. हळूहळू त्यांना इतकं कळायला लागलं की लोक त्यांनाच विचारू लागले. 'शू-काका' असं नावही पडलं. इलेक्ट्रॉनिक सिटीतून वेदिका नावाच्या मुलीने फोन केला. तिला पहिल्यांदाच दहा किलोमीटर पळायचं होतं. शू-काकांनी आरामखुर्चीत पाय पसरून तिला अर्धा तास ज्ञान दिलं. बसल्या जागी उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच, अलका स्वयंपाकघरातून पुटपुटली. आणि गंमत म्हणजे त्या पोरीने त्यांनी सांगितलेला बूट घेतला, ती पळाली, शर्यत पुरी केली, आणि पेढे दिल्यासारखा मैसूरपाकाचा डबा घेऊन काकांच्या पाया पडायला आली. पळाली ती, मैसूरपाक खाल्ला यांनी.

त्या दिवशी अलकाचं डोकं फिरलं. तिने डबा उचलून शेजारच्या अक्कांकडे नेऊन दिला, परत येऊन कपाटातून त्यांचे जुने कॅनव्हासचे बूट काढले आणि पुढ्यात आपटले.

"घाला. नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. पळू नका, चाला. मी येते बरोबर."

"हे?" पद्माकररावांनी पाय मागे घेतले. "आणि फोड आला म्हणजे? विश्वासदादाचं काय झालं विसरलीस?"

त्यांचा आवाज एवढासा झाला होता. सगळा तक्ता, सगळी कमिटी या एका भीतीवर उभी होती, आणि भीती खोटी नव्हती. म्हणूनच अलकाला जास्त संताप आला.

"दादांचा पाय बुटाने नाही गेला हो! फोडाकडे पंधरा दिवस बघितलंच नाही म्हणून गेला. आणि त्याच्या आधी किती वर्षं ते असेच खुर्चीत बसून होते!"

"सरी, सरी," ते कानडीत 'बरं, बरं' म्हणाले. कारखान्यातल्या युनियनवाल्यांना वाटेला लावायचे तोच सूर. "पुढच्या महिन्यात फायनल करतो."

पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे जायचा दिवस आला. डॉक्टर नरसिंहांनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला. साखर खाली यायची सोडून वर चढली होती.

"पळताय ना?"

"बूट अजून फायनल झाले नाहीत," पद्माकरराव म्हणाले. "पण दोनांवर आणलंय."

"स्वल्पसुद्धा चालले नाहीत, डॉक्टर," अलकाने सांगून टाकलं. "डोशाचा मात्र एक रविवार चुकला नाही."

डॉक्टर हसले नाहीत. "मोजे काढा," म्हणाले, आणि खणातून एक काडी काढली. काडीच्या टोकाला नायलॉनचा आखूड, ताठ दोरा होता. तो त्यांनी आधी पद्माकररावांच्या मनगटाला टेकवून दाखवला. "डोळे मिटा. हा पायाला असाच लागला की 'हो' म्हणा."

पद्माकररावांनी डोळे मिटले. टाचेला दोरा लागला तसे ते लगेच 'हो' म्हणाले. अलकाला बरं वाटलं. मग डॉक्टरांनी दोरा अंगठ्याखाली टेकवला. तो दाबाने वाकला. पद्माकरराव गप्प. करंगळीखाली टेकवला, पुन्हा वाकला. गप्प. दुसऱ्या पायाच्या चवड्याला लावला. अलका पदर मुठीत धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणा हो, म्हणा ना, एकदा तरी म्हणा. डॉक्टर पुन्हा पहिल्या अंगठ्याकडे वळले आणि या वेळी दोरा वाकलेलाच धरून थांबले.

मिटल्या डोळ्यांनी, परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसून पद्माकरराव म्हणाले, "मी तयार आहे, डॉक्टर. थांबलात का? लावा की पुढे."