विषयबदलाचा अर्ज

"नाना, माझ्या ट्रेमध्ये मुद्दाम मोठं झुरळ ठेवू नका," भाग्यश्री प्रयोगशाळेच्या मागच्या दारात उभी राहून हळूच म्हणाली. "सगळ्यांना येईल तेच मला येऊ दे."

"कुठला ट्रे तुला येणार ते मला काय ठाऊक? नंबर मॅडम काढणार." पुंजाराम मान वर न करता म्हणाला. चिमट्याने एकेक झुरळ उचलून तो मेणाच्या ट्रेमध्ये ठेवत होता.

"मग ते एक बाजूला कुणासाठी काढलंय?"

"ते होय? ते बाहेरून परीक्षक येणारेत, त्यांना दाखवायला."

"नाना!" ती म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग डोळे चोळत बाकीच्या मुलींत जाऊन उभी राहिली.

पुंजाराम काकड या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता. एकोणीस वर्षं झाली होती. मुलं त्याला मामा म्हणायची, नाना म्हणणारी एकटी त्याची मुलगी भाग्यश्री. बारावीची प्रॅक्टिकल जवळ आली की तो भद्रकालीतल्या एका बेकरीच्या मोरीपाशी केळ्याची सालं घातलेल्या बरण्या लावून ठेवायचा आणि सकाळी भरलेल्या बरण्या सायकलला बांधून आणायचा. त्याची बायको शैला त्या दिवसांत त्याला स्वयंपाकघराच्या दारातच अडवायची. "त्या हातांनी भाकरीला शिवायचं नाय. आधी साबण, मग डेटॉल, मग पुन्हा साबण." आता असं अडवणारं कुणी राहिलं नव्हतं. तरी तो तिन्ही वेळा हात धुवायचा.

गायधनी मॅडम आत आल्या. "मामा, भाग्यश्रीची बॅच आहे. तुम्ही स्टोअरमध्ये बसा. उगाच कुणी बोलायला नको."

"बसतो ना मॅडम."

स्टोअरच्या दाराला जाळी होती. जाळीतून भाग्यश्रीची पाठ दिसत होती. तिने पंख कापले, टाचण्या टोचल्या. इथपर्यंत ठीक होतं. पुढे पचनसंस्था उलगडून दाखवायची होती. तिचं डोकं मध्येच खाली गेलं. पुंजारामला वाटलं वाकून बघतेय. पण ती वाकली नव्हती, तिला डुलकी लागली होती. दचकून तिने कात्री चालवली आणि आतडं मधोमध तुटलं. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही, दुसरं झुरळ मागितलं नाही. तुटलेले दोन तुकडे पाण्यात जवळजवळ सरकवून ठेवले आणि परीक्षकांची वाट बघत बसून राहिली.

वीस मार्कांचं प्रॅक्टिकल होतं. ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा पुढच्या प्रवेशाचं सगळं बारावीच्या मार्कांवरच ठरायचं. मेडिकलला गणिताचे मार्क धरत नसत आणि इंजिनिअरिंगला जीवशास्त्राचे. दोन्ही घेतले की दोन्ही दारं उघडी राहतात, असं लोक सांगत. दोन्हींचा अभ्यास करणारी पोरगी मात्र एकच असायची. पहाटे साडेपाचला कॉलेज रोडला गणिताचा क्लास, मग कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी फिजिक्स, एक दिवसाआड केमिस्ट्री, आणि घरी आल्यावर जीवशास्त्राच्या आकृत्या. गणितात तिला कधी कुणी हरवलं नव्हतं. आकृत्यांपायी आता गणिताचीच वही कोरी राहायला लागली होती.

हे सगळ्यांत आधी शैलाच्या लक्षात आलं होतं. शैला सातवी शिकलेली, मखमलाबादला भाजीच्या मळ्यात वाढलेली. तिने स्वयंपाकघराच्या चौकटीवर खडूने रेघा मारायला सुरुवात केली. एक रेघ म्हणजे पोरीच्या झोपेचा एक तास.

"हे काय चालवलंय?" पुंजारामने विचारलं होतं.

"अभ्यासाचे तास समदे मोजतात. झोपेचे कोण मोजणार?"

गेल्या ऑगस्टात कुठल्याच दिवसापुढे पाच रेघा नव्हत्या. तेव्हाच भाग्यश्रीने तो अर्ज आणला. बारावीला एक विषय बदलता येत होता. मुदत ऑगस्टअखेरची.

"जीवशास्त्र सोडून भूगोल घेते," ती म्हणाली. "त्याला एवढ्या आकृत्या नाहीत. तो वेळ गणिताला देईन. गणितात पंचाण्णवच्या खाली येणार नाही मी. सरांना विचारा हवं तर."

"एकोणीस वर्षं मी लोकांच्या पोरांचे ट्रे धुतोय," पुंजाराम म्हणाला. "त्यातले किती डॉक्टर झाले माहितीये? गंगापूर रोडनं जाताना दवाखान्यांच्या पाट्या वाचत जातो. हा माझ्या हाताखालचा, हा माझ्या हाताखालचा. आणि आपल्या घरातली पोरगी भूगोल घेणार?"

भाग्यश्रीने पायात चपला सरकवल्या. दप्तर उचलून क्लासला गेली. अर्ज टेबलावर राहिला.

शैला खाटेवर पडून होती. पोटात गाठ होती. दुसऱ्या दिवशी सिव्हिलला नेऊन भरती करायचं ठरलं होतं. तिने हात पुढे केला. "आणा तो इकडं."

"तू आधी बरी हो. मग बघू."

"मुदत काय माझ्यासाठी थांबणारे? आणा म्हणते ना. आईची सही चालती, तिथंच लिव्हलंय." पोरीचं परीक्षेचं लाकडी पॅड खाली घेऊन तिने त्यावर अर्ज ठेवला आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. "तुम्हाला पाटी पायजे, मला कळतं. पण मला डॉक्टर नको का इंजिनेर नको. माझी पोरगी झोपू द्या. एवढंच मागते. उद्या हापिसात देऊन टाका, तुमच्या लॅबपासून धा पावलं हाय."

पुंजारामने अर्ज घडी करून खिशात घातला.

तिसऱ्या दिवशी सिव्हिलमध्ये तिने विचारलं, "दिला का?"

"दिला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

त्याला वाटत होतं, ही घरी येईल, आपण तिची समजूत घालू, ती रागावेल आणि मग हसेलही. एकतीस तारखेला तो रजेचा अर्ज द्यायला कॉलेजात आला. ऑफिसातला फकिरा गठ्ठा बांधत होता. "मामा, तुमच्याकडं कुणी विषयबदलाचा अर्ज आणून दिलाय का? आज बोर्डात पाठवायचेत."

अर्ज खिशातच होता. आठवड्याच्या घामाने चिकटलेला.

"नाय बा, कुणाचा नाय," पुंजाराम म्हणाला. प्रयोगशाळेत जाऊन त्याने अर्ज आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुलूप लावलं.

दोन सप्टेंबरला शैला गेली.

दहाव्याला रामकुंडावरून परत येताना भाग्यश्रीने विचारलं, "नाना, माझ्या अर्जाचं आई काही बोलली होती का?"

तेव्हा सांगता आलं असतं. पण मुदत गेली होती, बायको गेली होती, आणि पोरीचे डोळे रडून सुजलेले होते. त्याच्या तोंडून निघून गेलं, "तिची इच्छा होती तू डॉक्टर व्हावीस."

त्या दिवसापासून पोरीने जीवशास्त्र सोडण्याचं नाव काढलं नाही. आईची शेवटची इच्छा म्हणून ती ते पुस्तक उशाशी घेऊन बसायची. चौकटीवरच्या रेघा ऑगस्टात थांबल्या होत्या, त्यापुढे कुणी मोजलं नाही.

निकाल लागला. जीवशास्त्रात एकोणऐंशी, गणितात एक्याऐंशी. मेडिकलच्या यादीत नाव कुठेच नव्हतं. इंजिनिअरिंगची शेवटची यादी चार मार्कांनी वर बंद झाली. नातेवाईक म्हणाले, ड्रॉप घे, पुन्हा परीक्षा दे. त्या काळी पुष्कळ मुलं तसं करायची. भाग्यश्री म्हणाली, "ते वर्ष पुन्हा नको."

बीएस्सीचा फॉर्म भरायला ती त्याच कॉलेजात आली. ऑफिसात गर्दी होती म्हणून प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून लिहायला लागली. पुंजाराम ट्रे धूत होता.

"विषय कुठले लिहितेस?" त्याने सहज विचारलं.

"प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन."

"आणि गणित?"

"गणित घेऊन काय करू आता? आईला डॉक्टर पाहिजे होती. ते नाही जमलं. निदान त्याच वाटेला राहते. पुढं एखाद्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये तरी लागेन."

नळ वाहत होता. पुंजारामने तो बंद केला. एक वर्ष त्याच्यापायी गेलं होतं. आता पुढची तीन, आणि त्यापुढचं सगळंच, त्या एका वाक्यावर लिहिलं जात होतं, त्याच्या समोर, निळ्या पेनाने. त्याला वाटलं, सांगितलं तर ही पोरगीही आपली राहणार नाही. घरात दोनच माणसं उरली होती.

त्याने हात पुसले, कमरेची किल्ली काढली आणि ड्रॉवर उघडला.

"हे वाच."

भाग्यश्रीने घडी उलगडली. आधी तिला काही समजलं नाही. मग खालची सही दिसली.

"आईनं केली ही?"

"हो."

"कधी?"

"तू क्लासला गेली होतीस. भरती करायच्या आदल्या दिवशी."

"शुद्धीत होती?"

"पूर्ण. तुझं पॅड खाली घेऊन केली. म्हणाली, पोरगी झोपू द्या माझी."

"आणि तुम्ही दिला नाही."

"नाही दिला."

"तिला काय सांगितलंत?"

पुंजारामने धुतलेला ट्रे उचलला, पुन्हा खाली ठेवला. "दिला म्हणून सांगितलं."

ती ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता पेन उचलला. प्राणिशास्त्रावर एक आडवी रेघ मारली, वनस्पतिशास्त्रावर दुसरी, रसायनावर तिसरी. वर बारीक अक्षरात लिहिलं: गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र. आईचा अर्ज घडी करून वहीत ठेवला.

"नाना, आज घरी माझ्याशी बोलू नका," ती म्हणाली. "उद्याचं उद्या बघू."

ती निघाली. ऑफिस दहा पावलांवर होतं. थोड्या वेळाने फकिराने शिक्का मारल्याचा आवाज प्रयोगशाळेपर्यंत आला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. भाग्यश्री खालीच सतरंजीवर झोपली होती, पायात एक चप्पल तशीच. ती त्याने हळूच काढून ठेवली. मग स्वयंपाकघरात भात टाकला, ताट झाकून ठेवलं.

शेजारच्या सुलाबाईंनी बाहेरून हाक दिली. "भाग्यश्री, ए भाग्यश्री! जरा ये ना गं, नातीचं गणित अडलंय."

पुंजाराम घाईने स्वयंपाकघराच्या चौकटीला हात टेकून उभा राहिला आणि दुसऱ्या हाताने त्यांना हळू बोलायची खूण केली. "झोपलीय, सुलाबाई."

"आत्ता? दिवेलागणीला?"

"झोपू द्या तिला," पुंजाराम म्हणाला.

त्या गेल्या. त्याने हात काढला तेव्हा लक्षात आलं की हात नेमका शैलाच्या रेघांवर होता. शेवटच्या दोन रेघा फिकट झाल्या होत्या आणि तळव्याला थोडा पांढरा खडू लागला होता. सवयीने तो मोरीपर्यंत गेला. साबणाची वडी तिथेच होती. त्याने ती उचलून परत ठेवली, मग हात तसाच ठेवून परत आला आणि पोरगी उठायची वाट बघत उंबऱ्यावर बसला.