हॉलिसकाकांची पट्टी

ट्रेसा बाकावरून उठली, तिने सूर दिला, आणि हॉलिसकाकांची कित्येक वर्षांची गादी त्या क्षणी संपल्यात जमा झाली. हे कुणाला विचारायला जाऊ नका. विचारलंत तर सांगतील, टकर्स गॅपमध्ये असं काही कधी घडलेलंच नाही.

अलाबामाच्या डोंगरातल्या या गावात जुलैच्या मेळ्याला चर्चमधली बाकं चौकोनात मांडतात, चार बाजूंना चार आवाजांचे गट बसतात आणि दिवसभर गातात. वाद्य नाही. एकाने सूर लावून द्यायचा, बाकीच्यांनी उचलायचा. लावून देण्याचं काम हॉलिसकाकांचं. कान गेले तरी काम गेलं नव्हतं. सूर मात्र वयाबरोबर खाली उतरत चालला होता, इतका की तो जसाच्या तसा उचलायचा तर खर्जवाल्यांना तळघरात जाऊन बसावं लागलं असतं. काकांना सांगायची कुणाची छाती नव्हती. म्हणून गावाने एक शब्दही न बोलता तोडगा काढला होता: काकांनी सूर द्यायचा, सगळ्यांनी मान डोलवायची आणि वर चढून गायचं. पूर्वी सुराच्या दोन पायऱ्या चढाव्या लागत, आता तीन.

ट्रेसाला ही शुद्ध फसवणूक वाटे. तिचा कान तयार होता, गळा तयार होता, आणि हे काम आपल्याकडेच यायला हवं याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मेळ्याची अध्यक्ष असलेल्या अर्लीनमावशीने तिला बजावलं होतं, की म्हाताऱ्याला दुखवलंस तर पंगतीत केळ्याच्या पुडिंगचा चमचाही मिळणार नाही. ट्रेसाने पुडिंगावर पाणी सोडलं. जेवणं झाल्यावर ती सरळ काकांसमोर उभी राहिली आणि पुढचं गाणं मी लावू का, असं ओठ ठळक हलवत विचारलं. काकांनी तिला पुढे जाता यावं म्हणून गुडघे बाजूला घेतले.

तिने दिलेला सूर अचूक होता. मंडळींनी मान डोलावली आणि सवयीने तीन पायऱ्या वर चढली.

दुसऱ्या ओळीला बायकांच्या माना बगळ्यासारख्या लांबल्या. खर्जवाले टाचांवर उचलले गेले. बाहेर कुणाच्या तरी कुत्र्याने साथ धरली, पण तोही लवकरच थांबला. तिसऱ्या ओळीला गाणं मेलं.

"कुठं निघालात सगळे?" ट्रेसा म्हणाली. "सूर इथं आहे."

"कळतंय गं," अर्लीनमावशी घाम पुसत म्हणाली. "गळा आपोआप चढतो, त्याला काय करू?"

पुन्हा सूर दिला, पुन्हा चढले. तिसऱ्यांदा अर्धे चढले, अर्धे खाली राहिले. ते आणखी वाईट. खर्जातल्या बर्चेलने सुचवलं, की पोरी, तू जरा चुकीचा देऊन बघ. ट्रेसाने मनापासून प्रयत्न केला. जमलं नाही. त्यालाही वर्षानुवर्षांचा रियाज लागतो.

इतका वेळ हॉलिसकाका बाकाच्या फळीवर तळवा टेकवून बसले होते. ते उठले आणि विहिरीतून यावा तसा हुंकार दिला. सगळे तीन पायऱ्या चढले, आणि गाणं असं उभं राहिलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. ट्रेसाही गात होती. तीही चढली होती.

गाणं संपल्यावर काका तिच्याकडे झुकले.

"सूर तुझाच बरोबर होता, पोरी. माझा कधीचाच चुकतोय, हे या फळीची थरथर सांगते मला."

"मग बोलला का नाहीत कधी?"

काकांनी तिच्या ओठांवरून प्रश्न वाचला.

"सगळे इतकं मन लावून सांभाळून घेत होते. त्यांना कशाला दुखवायचं?"

ट्रेसा आपल्या जागी जाऊन बसली. मेळा उठण्यापूर्वी ठराव मांडायची रीत आहे; एरवी त्यात स्वयंपाक करणाऱ्यांचे आणि हवामानाचे आभार असतात. त्या दिवशी ट्रेसा उभी राहिली. तिने एक जादा ठराव मांडला, अर्लीनमावशीने अनुमोदन दिलं, आणि तो एकमताने मंजूर झाला:

"ही सभा श्री. हॉलिस टिडमोर यांना नम्र विनंती करते की, त्यांनी आपला सूर आज आहे तिथेच, म्हणजे तीन पायऱ्या खाली, कायम ठेवावा. आणि वयोमानाच्या कारणास्तव तो यापुढे आणखी उतरू देऊ नये."