अळणी भाजीचा डबा

मित्रांनो, सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या एका घरात, फळीवर अगदी मागच्या बाजूला, तीन पुडांचा एक पितळी डबा धूळ खात बसलेला आहे. त्याची कडी वाकली आहे आणि आतली कल्हई केव्हाच उडून गेली आहे. तोच मी.

नाशिकच्या तांबट आळीत माझा जन्म झाला. निफाडकडचा रंगनाथ सातपूरच्या कारखान्यात लेथवर कामाला लागला, तेव्हा त्याच्या बायकोने, नवसाबाईने, मला पारखून घरी आणले. तिच्या हाताला चव होती. एका पुडात भाकरी, दुसऱ्यात भाजी आणि तिसऱ्यात लोणचे, पापड, खारातली मिरची. जेवणाच्या सुट्टीत मी उघडलो की शेजारच्या मशीनवरचा कामगार झुंबर भाकरी घेऊन जवळ सरकायचा. सगळे नवसाबाईचे कौतुक करत आणि त्यातले थोडे आपलेही आहे, असे मला वाटे.

रंगनाथला मात्र मीठ फार लागे. भाजी चाखून न पाहताच तो तिच्यावर वरून मीठ टाकायचा.

१९७९ साली कारखान्यात कामगारांची तपासणी झाली. रंगनाथचा रक्तदाब बराच वाढलेला निघाला. त्याला नवलच वाटले, कारण त्याचे कुठे काही दुखत नव्हते. डॉक्टरांनी दोघांना बोलावून घेतले. मी पिशवीत होतो आणि ऐकत होतो. जादा मीठ अंगात पाणी धरून ठेवते, त्याने रक्ताचा दाब वाढतो आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, असे डॉक्टरांनी समजावले. हा आजार बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो लवकर कळत नाही, असेही ते म्हणाले. रोज गोळी घ्यायची, मीठ अगदी कमी करायचे आणि लोणचे-पापड बंद.

नवसाबाईने ते मनावर घेतले. एकट्या नवऱ्याला अळणी कसे वाढायचे, म्हणून तीही तेच खाऊ लागली. लसूण, जिरे, कोथिंबीर घालून ती भाजीला चव आणू पाही. माझ्या तिसऱ्या पुडात आता लिंबाची फोड असे.

पण मित्रांनो, कारखान्यात काय चाले ते मीच पाहत होतो. रंगनाथने हत्यारांच्या पेटीत कागदात बांधून मीठ ठेवले होते. मला उघडले की तो ते भाजीवर सढळ हाताने टाकी. वर इतरांची लोणचीही मागून घेई. झुंबरने त्याला एकदा टोकले.

“गप रे. मला काय होतंय? दुखत तर काहीच नाय,” रंगनाथ म्हणाला.

संध्याकाळी मी घरी रिकामा जाई. नवसाबाई माझे पुडे उघडून पाही आणि तिला समाधान वाटे. भाजी चांगली झाली होती, असे तो न चुकता सांगे. मला तोंड असते तर!

रक्तदाब काही उतरेना. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. काही वर्षांनी रंगनाथला जिना चढताना धाप लागू लागली, पावले सुजली, आडवे झाले की श्वास कोंडू लागला. शेवटी त्याला दवाखान्यात ठेवावे लागले. नवसाबाई माझ्यातूनच त्याचे जेवण नेई.

डॉक्टरांनी सांगितले की हृदय मोठे झाले आहे आणि त्यातली ताकद गेली आहे. नवसाबाईला ते पटेना. “साहेब, इतकी वर्षं हे अळणी खातायत. मग असं कसं झालं?”

रंगनाथ भिंतीकडे पाहत होता. डॉक्टर गेल्यावर तो हळूच म्हणाला, “अळणी तू खाल्लंस. मी कामावर वरून मीठ घालून घ्यायचो.”

नवसाबाईने माझे पुडे उघडून ठेवले. मग तिने विचारले, “तुम्ही रोज भाजी चांगली झाली म्हणायचे. ते तरी खरं होतं का?”

रंगनाथने डोळे मिटून घेतले. तिने भाकरी कुस्करून त्याच्या हातात दिली.

त्यानंतर त्याने मिठाला बोट लावले नाही. पण थकलेले हृदय पुन्हा पहिल्यासारखे झाले नाही. लेथवर तो परत गेलाच नाही. दोन वर्षे खाटेवर टेकून बसला आणि १९८६ च्या उन्हाळ्यात गेला. नवसाबाईने मला घासूनपुसून फळीवर ठेवले, ते आजतागायत.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले असेल, तर त्यांच्या ताटाजवळ बसा. दुखत नसले तरी रक्तदाब वेळोवेळी तपासून घ्यायला त्यांना घेऊन जा. आणि अळणी घास घशाखाली उतरत नसेल, तर रांधणाऱ्या माणसाला तसे सांगायला त्यांना लावा. नवसाबाईने आणखी काहीतरी करून पाहिले असते. तिला कुणी सांगितलेच नाही.